नगरधनला एका ओळीत उरकू नका

संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत नागपूरहून एका दिवसात जाऊन यायच्या जागांवर लेख होता. चांगला होता, आमच्याकडे तो कापून फ्रिजवर लावला आहे. पण त्यात खिंडसीच्या बोटिंगला अख्खा पॅरा, रामटेकच्या गडावरच्या माकडांना अर्धा पॅरा (माकडं आहेतच तशी, मागच्या खेपेला माझ्या हातातली प्रसादाची पिशवी घेऊन गेली), अन् नगरधनला एक ओळ. "जवळच नगरधन येथे भोसलेकालीन किल्ला आहे." झालं, संपलं. तेवढ्या एका ओळीपायी मी हे लिहायला बसली आहे. नातू म्हणे आजी मेल कर, मेल करायला सांगून तो गेला क्रिकेट खेळायला, आता मोबाइलवर एकेक अक्षर शोधत मीच टाइप करते आहे, तेव्हा शुद्धलेखनाचं सांभाळून घ्या.

तर ती ओळ चूक नाहीच. आज जो भुईकोट उभा दिसतो तो भोसल्यांच्या काळातलाच. पण उद्या कोणी माझी ओळख करून देताना "या बाईंच्या घरात फ्रिज आहे" एवढंच सांगितलं तर ते खोटं नसलं तरी मला राग येईल ना, तसा आला.

नगरधन म्हणजे नंदिवर्धन. वाकाटकांची, म्हणजे जुन्या काळी विदर्भावर राज्य करणाऱ्या घराण्याची, राजधानी. आपलं नागपूर वसलं १७०२ च्या सुमारास, देवगडच्या बख्त बुलंद शाहानं बारा वाड्या जोडून वसवलं ते, अन् नंदिवर्धन त्याच्या तेराशे वर्षं आधी राजधानी होतं. रामटेकपासून ६-७ किलोमीटर. इतकं जवळ असून आमच्या बिल्डिंगमधल्या बारा घरांपैकी कोणालाच हे नाव माहीत नव्हतं, मी खाली सोसायटीच्या बाकावर बसून एकेकाला विचारलं. एक जण म्हणाले हो हो, नंदिवर्धन म्हणजे ते दूधवाले ना.

मी इतिहासाची कोणी नाही. पोस्टात होते, ३४ वर्षं, त्यातली निम्मी सॉर्टिंगमधे. सॉर्टिंगमधे राहिलं की गावाच्या नावांचं एक वेड लागतं बघा. वाशीमला लोक बाशीम लिहायचे, अचलपूरला एलिचपूर, चंद्रपूरला म्हातारी माणसं शेवटपर्यंत चांदाच लिहीत आली, अन् पत्र तरीही पोचायचं, कारण नाव कितीही झिजलं तरी त्याचा सांगाडा ओळखता येतो. तेच मला नगरधनचं सांगायचं आहे, की तो एक जुना पत्ता आहे, लोकांच्या तोंडात दीड हजार वर्षं फिरून फिरून झिजलेला, पण चालू पत्ता.

आता व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरतो तो तुम्हालाही आला असेल. नगरधन म्हणजे नगराचं धन, किल्ल्याखाली सोन्याचे हंडे पुरले आहेत, त्यावर नाग बसला आहे, वगैरे. असले नाग महाराष्ट्रातल्या प्रत्येक पडक्या वाड्यात बसलेले आहेत. माझा स्वतःचा लहानपणीचा समज त्याहून भारी होता, तिकडं चारी बाजूंनी धानाची बांधी दिसते तर मला वाटायचं नगरधान असणार, कोणीतरी काना खाल्ला. पण खरं नाव तांब्यावर कोरून ठेवलेलं आहे हो, तिथं अंदाज लावत बसायची गरजच नाही.

प्रभावतीगुप्ता नावाची राणी होती. गुप्तांच्या दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, लग्न होऊन आपल्याकडे आली, वाकाटकांच्या दुसऱ्या रुद्रसेनाशी. नवरा लवकर गेला, पोरं लहान, अन् मग बाईनं मोठ्या मुलाच्या, दिवाकरसेनाच्या नावानं स्वतः राज्य चालवलं. एकदोन महिने नाही, तिच्या कारभाराच्या १३ व्या वर्षाचा ताम्रपट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला हुकूम, आहे. त्यात सुरुवातीलाच येतं की हे शासन नंदिवर्धनाहून, म्हणजे नंदिवर्धनात बसून दिलेलं आहे. आपण पत्राच्या वरच्या कोपऱ्यात गाव अन् तारीख टाकतो ना, अगदी तसं. माझ्यासारख्या पोस्टातल्या बाईला ते वाचून काय वाटलं असेल सांगू, पाठवणाऱ्याचा पत्ता आहे तो, पाचव्या शतकाच्या तोंडावरचा. अन् अजून एक, त्या ताम्रपटात ती आपल्या माहेरची वंशावळ देते, गोत्रसुद्धा माहेरचं धारण गोत्र सांगते, सासरचं विष्णुवृद्ध नाही. माझ्या जाऊबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, अन् मी आधार कार्डावर आडनाव बदललं नाही तर केवढं रामायण झालं होतं.

या ताम्रपटाला म्हणतात काय माहीत आहे का? पुणे ताम्रपट! कारण तो सापडला पुण्यात, एका तांबटाकडे. राणी आपली, राजधानी आपली, हुकूम विदर्भातला, अन् नाव लागलं पुण्याचं. घ्या. मी काही भांडत नाही, संशोधनाची पद्धतच तशी आहे, वस्तू जिथं मिळते तिथलं नाव लागतं. पण आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या माणसाला हे वाचून एकदा तरी कळ येणारच.

बरं, मग हे नंदिवर्धन म्हणजे आपलंच नगरधन कशावरून? एक म्हणजे नगरधनलाच स्वामिराज नावाच्या एका राजाचा ताम्रपट सापडला, इ.स. ५७३ चा, त्यावरही ठिकाण नंदिवर्धनच. म्हणजे वाकाटक जाऊन सत्तर-ऐंशी वर्षं झाली तरी नव्या माणसांनी पत्ता तोच ठेवला होता. त्याच्या आधी बस्तरकडचे नल लोक चढून आले होते, त्यांच्या भवदत्तवर्म्यानंही नंदिवर्धनाहूनच दान दिलं, तो पट रिद्धपूरला मिळाला, आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या. राज्यं तीन, पत्ता एक. दुसरं म्हणजे शेजारी रामटेक. प्रभावतीचा आणखी एक ताम्रपट आहे, मुलगा दुसरा प्रवरसेन गादीवर बसल्यावरच्या १९ व्या वर्षाचा, तो तिनं रामगिरिस्वामीच्या, म्हणजे रामगिरीवरच्या देवाच्या, पायाशी बसून दिलेला आहे. रामगिरी म्हणजे रामटेक, इतिहासाचे मोठे अभ्यासक महामहोपाध्याय मिराशींनी हे आयुष्यभर जोर लावून मांडलं, कालिदासाचा यक्ष बसला होता तो डोंगरही हाच असं त्यांचं म्हणणं. गडावर केवल नरसिंहाच्या देवळात वाकाटकांच्या घरातला शिलालेख अजून भिंतीत आहे, आपण त्याच्यासमोरून कितीदा जातो, नजर मात्र माकडांवर.

अन् तिसरं, अगदी अलीकडचं. २०१५ ते २०१८ मधे पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं (पुन्हा पुणे, पण यावेळी मनापासून धन्यवाद) राज्याच्या पुरातत्त्व खात्याबरोबर नगरधनला उत्खनन केलं. काचेची कर्णफुलं, मातीच्या बांगड्या, लोखंडी छिन्नी असं पुष्कळ घरगुती सामान निघालं, एक गणपतीही निघाला, अंगावर दागिने वगैरे काही थाट नसलेला साधा गणपती. पण मुख्य म्हणजे एक मातीची मुद्रा निघाली. अंडाकृती, वजन साडेसहा ग्रॅमच्या आत, म्हणजे दोन सुपाऱ्यांएवढंही नसेल. त्यावर ब्राह्मी अक्षरात प्रभावतीगुप्तेचं नाव अन् सोबत शंख.

संपादक साहेब, ही मुद्रा म्हणजे काय ते तुमच्या वाचकांना मी सांगू शकते, कारण मी तेच काम केलं आहे. आमच्याकडे इन्शुअर्ड पार्सल यायचं त्याला दोरी बांधायची, गाठीवर लाख वितळवून टाकायची अन् गरम असतानाच पितळी सील दाबायचं. उघडलं की लाख तुटते, म्हणजे कोणी मधे हात घातला ते कळतं. राणीच्या दफ्तरातही हाच प्रकार, फक्त लाखेच्या जागी ओली माती. बोटाला चटका बसत नाही हा त्यांचा फायदा. म्हणजे नगरधनच्या त्या मातीत कोणीतरी माझ्यासारखं कारकून माणूस बसलं होतं, समोर पत्रांचा ढीग, अन् राणीचा शंखाचा ठसा एकेका गाठीवर दाबत होतं. पेपरात २०२० साली तो फोटो पाहिला तेव्हापासून मला नगरधन डोक्यातून जात नाही.

आता नावाचं. नंदिवर्धनचं नगरधन कसं झालं. शेपूट तर सरळ आहे, वर्धन मधला व गळला, रधन राहिलं. तोंडाकडचं नंदि जाऊन नग कुठून आलं हा खरा मजेचा भाग आहे. वर्ध्याजवळच्या देवळीला राष्ट्रकूट कृष्ण तिसऱ्याचा ताम्रपट मिळाला, शके ८६२ चा, म्हणजे इ.स. ९४०. त्यात दान दिलेलं गाव कुठल्या भागात आहे ते सांगताना नागपूर-नंदिवर्धन अशी जोडी येते. नागपूर हे नाव लिखाणात पहिल्यांदा दिसतं ते इथं असं सगळेच सांगतात, नागपूरच्या इतिहासावर भाषण करणारा प्रत्येक माणूस हा ९४० चा आकडा देतो, पण जोडीतल्या दुसऱ्या नावाबद्दल एकही जण अवाक्षर काढत नाही, जसं काही लग्नाच्या फोटोतून नवरीच कापून टाकली. माझं आपलं मत असं की ही दोन नावं शेजारी शेजारी इतकी वर्षं बोलली गेली की एकाचा नाग दुसऱ्याच्या अंगावर आला. इकडच्या लोकांना नाग काही परका नाही, नदी नाग, शहर नागपूर, वाकाटकांच्या घरातसुद्धा भवनाग नावाच्या राजाची मुलगी सून म्हणून आलेली होती, पहिल्या प्रवरसेनाच्या मुलाची बायको. बाबासाहेबांनी १९५६ ला दीक्षेसाठी नागपूर का निवडलं हे सांगताना नाग लोकांचाच संबंध सांगितला होता. तेव्हा नंदी जाऊन नाग आला यात मला काही नवल वाटत नाही.

झिजण्याचं म्हणाल तर वाकाटकांची दुसरी राजधानी त्याहून जास्त झिजली. वत्सगुल्म. प्राकृतात त्याचं झालं वच्छोम अन् आज आपण म्हणतो वाशीम. पण वाशीमकरांना ते ठाऊक आहे, तिथं रिक्षावालाही वत्सगुल्म सांगतो, मी स्वतः ऐकलं आहे. नगरधनचं तसं झालं नाही, कदाचित वाशीम जिल्ह्याचं गाव झालं म्हणून असेल, अन् हे राहिलं खेडं, शिवाय रामटेकच्या सावलीतलं.

एक प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, नंदिवर्धन कायम राजधानी राहिलं नाही. प्रभावतीच्याच मुलानं, दुसऱ्या प्रवरसेनानं, आपल्या नावाची नवी राजधानी केली, प्रवरपूर. ११ व्या वर्षाचा त्याचा पट नंदिवर्धनाहून आहे अन् १८ व्या वर्षाचा प्रवरपूरहून, म्हणजे मधल्या सात वर्षांत कधीतरी सामान हललं. हे प्रवरपूर कुठलं यावर पंडितांची जुनी लढाई आहे, मिराशी म्हणायचे वर्ध्याजवळचं पवनार, रामटेकजवळच्या मनसरला १९९८ पासून खोदकाम झालं, प्रवरेश्वराच्या नावाच्या मुद्रा मिळाल्या, तेव्हापासून बरेच लोक मनसर म्हणतात. मनसर असेल तर गंमतच, कारण मग राजधानी हलवली म्हणजे काय केलं, आपल्या सीताबर्डीहून उठून बुटीबोरीच्याही अलीकडेच गेले म्हणायचं. आईपासून वेगळं बिऱ्हाड करणाऱ्या मुलाला तेवढंच अंतर लागतं, जेवायला घरी येता येतं. (हे माझं, मिराशींचं नाही.)

अन् राजधानी जाणं म्हणजे काय हे नागपूरच्या माणसाला समजावून सांगायला नको. १८६१ पासून आपण मध्य प्रांताची राजधानी, पुढं सीपी अँड बेरारची, अन् १९५६ च्या १ नोव्हेंबरला एका दिवसात नुसतं शहर झालो. माझे सासरे सचिवालयात होते, त्यांचे अर्धे मित्र भोपाळला गेले, ते शेवटपर्यंत "कॅपिटल असताना" असं म्हणून वाक्य सुरू करायचे, कॅपिटल असताना रस्ते धुवायचे, कॅपिटल असताना संत्री चार आण्याला शंभर, खरं खोटं देव जाणे. हिवाळी अधिवेशन आलं की आपण अजून दोन आठवडे नटून घेतो. आपल्याला ६०-७० वर्षांपूर्वी गेलेली राजधानी अजून दुखते, अन् शेजारच्या गावची राजधानी आपल्याला साधी आठवतही नाही.

परवा मी, जाऊबाई अन् नातू असे जाऊन आलो, मुद्दाम, तुमचा लेख वाचूनच. गणेशपेठच्या स्टँडवरून रामटेकची गाडी घेतली, रामटेकहून ऑटो. रोवणी चालू होती, बाया चिखलात वाकलेल्या, पाऊस थांबून थांबून. सगळ्या रस्त्यात नंदिवर्धन हे नाव कुठल्या पाटीवर दिसतं का म्हणून मी ऑटोतून मान बाहेर काढून बसले होते, मला तरी दिसलं नाही. किल्ल्याच्या दारापाशी एक आजोबा शेळ्या घेऊन उभे होते, म्हणाले, "किल्ला पाहाले आले का जी?" मी म्हटलं हो, अन् राजधानीही. ते म्हणाले, "राजधानी त नागपूरले होती जी." नातू हसला. मी त्यांना बसून सगळं सांगितलं, प्रभावती, शंखाचा ठसा, तांब्याचे पत्रे. त्यांनी शांतपणे ऐकलं अन् मग म्हणाले, "वावरात नांगर टाकला का खापरं निंघतेत आमच्या इथं, लाल लाल. आमी फेकून देतो धुऱ्यावर." मग थोडं थांबून विचारलं, "थे फेकाचे नसतेत का?" काय सांगू, मला त्या एका प्रश्नापुढे माझं सगळं वाचन हलकं वाटलं.

म्हणून मागणं आहे, अन् फार मोठं नाही. नामांतर वगैरे अजिबात नको, तो विषय कोणी काढला तर मी उलटं पत्र लिहीन, नगरधन हे नाव लोकांनी घडवलेलं आहे, ते बदलून नंदिवर्धन केलं तर मधली दीड हजार वर्षं पुसल्यासारखं होईल, शिवाय पिनकोडची कटकट. फक्त मनसर फाट्यावर अन् रामटेकच्या स्टँडवर एक पाटी लागू द्या, नगरधन, खाली छोट्या अक्षरात प्राचीन नंदिवर्धन. गावच्या शाळेत त्या मुद्रेचा मोठा फोटो लागू द्या. अन् वावरात खापर किंवा मूर्ती निघाली तर कोणाला कळवायचं ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर साध्या मराठीत लिहू द्या. शेजारच्या हमलापुरीला मिळालेल्या बुद्धाच्या धातूच्या मूर्ती आपल्या अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात, येऊन पोचल्या, म्हणजे नीट कळवलं तर पोचतं. हे ज्यांच्या हातात आहे ते तुमचा पेपर वाचतात, माझं कोण वाचतो.

अन् तुमच्यासाठीही एक. पुढच्या वेळी पुरवणी काढाल तर बोटिंगच्या पॅऱ्यातून दोन ओळी कापा अन् त्या नगरधनला द्या. वाटल्यास फुकट लिहून देते.

आपली,
एक वाचक, महाल, नागपूर
(पोस्टातून निवृत्त)

ता. क. – जाणाऱ्यांसाठी: किल्ल्यात सावली कमी आहे, सकाळीच जा. पावसाळ्यात दगड बुळबुळीत होतात, म्हाताऱ्या माणसांनी चपलेऐवजी बूट घालावे, जाऊबाई पडता पडता वाचल्या. गावातलं कोटेश्वराचं देऊळ चुकवू नका. खायचं रामटेकहूनच बांधून न्या अन् परत येताना तिथलं कपुरी पान घ्या, त्याच्यासाठी तुमच्या लेखात एकही ओळ नव्हती, ते वेगळं पत्र.